एटनाचा ट्रेमर आलेख लाल पट्ट्यात गेला की काय समजायचं? आई-बाबांना डोंगरावर न्यायचं आहे

मिरजेची_लेक:

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिसिलीत, कातानियात राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एटना समोर दिसतो. पहिल्यांदा राख पडली तेव्हा गच्चीवरची काळी कच खराट्याने गोळा करून पोत्यात भरताना फार अप्रूप वाटलं होतं. आता अंगवळणी पडलंय. राख आली की दुचाक्या बंद, गाड्यांना तीसची मर्यादा, दोरीवरचे कपडे आत.

माझा प्रश्न आलेखाबद्दल आहे. आयएनजीव्ही या इटलीच्या भूभौतिकी आणि ज्वालामुखी संस्थेची इथली एटना वेधशाळा ट्रेमरचा, म्हणजे डोंगराच्या सलग थरथरीचा, आलेख सगळ्यांसाठी खुला ठेवते. खाली हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, वर लाल. आमच्या इमारतीतले कित्येक जण सकाळी हवामानाच्या आधी तो बघतात, आणि आता मीही बघते. मध्यंतरी एका रात्री रेघ हिरव्यातून निघाली ती तासाभरात लाल पट्ट्यात जाऊन बसली. मी जागीच राहिले. पहाटे ती आपोआप उतरली, आणि उजाडल्यावर बघते तर शिखरावर नुसती वाफ. त्याआधी एकदा अशीच चढली होती तेव्हा मात्र रात्रभर लाव्ह्याचं कारंजं उडत होतं आणि घराची तावदानं थडथडत होती.

पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. बाबांना काहीही करून विवरांजवळ जायचंय. ते लहानपणी कोयनेच्या भूकंपात घराबाहेर पळालेले, त्यामुळे त्यांचं म्हणणं असं की "अगं, ज्वालामुखी फुटायच्या आधी भूकंप होणारच, तो कळेल की आपल्याला, मग उतरू खाली." मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

तर हा ट्रेमर म्हणजे नक्की काय? जमीन सतत थरथरत असेल तर आम्हाला जाणवत का नाही? रेघ लाल होऊनही काही झालं नाही ते कसं? आणि रेघ हिरवी असेल त्या दिवशी त्यांना वर न्यायला हरकत नाही ना? या शेवटच्या प्रश्नासाठीच खरं तर लिहितेय.

भटकी_जोडी:

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. निकोलोसीवरून रस्ता वर जातो तो रिफुजिओ सापिएंझापर्यंत, साधारण १९०० मीटर. तिथून केबल कारने २५०० मीटर. त्याच्या वर मान्यताप्राप्त गाइडबरोबरच जा. कधी कुठपर्यंत सोडायचं हे नगरपालिकेच्या आदेशावर ठरतं आणि ते दिवसागणिक बदलतं. आम्हाला गाइडने अर्ध्यातून परत फिरवलं, कारण सांगत बसला नाही, आणि आम्हीही वाद घातला नाही.

खाली ऐन उन्हाळा असला तरी वर वारा बोचरा असतो. आई-बाबांना जाड जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट द्या. राखेच्या उतारावर पाय घसरतो. ट्रेमरचं मात्र जाणकारांनीच सांगावं, मलाही वाचायचंय.

काळा_पाषाण:

ताई, मी मूळचा वाईचा. भूकंपशास्त्र शिकलो आणि बरीच वर्षं ज्वालामुखींच्या भूकंपलेखांवरच काम करतोय. एटनाच्या नोंदी त्यात भरपूर आल्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: रेघ हिरवी आहे एवढ्या आधारावर आई-बाबांना विवरांजवळ नेऊ नका. आता कारणं. जरा लांबेल, पण बाबांना वाचून दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे जमिनीखालचा खडक एका भेगेवर सरकला. खडक असा सरकतो तेव्हा भूकंपलेखावर सुरुवात तीक्ष्ण उमटते. आधी वेगाने येणारी पी लहर, तिच्या मागून संथ एस लहर, मग हळूहळू विरत जाणारं शेपूट. धक्का किती वाजता सुरू झाला ते सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत सांगता येतं. ट्रेमरला अशी सुरुवातच नसते. मी शिकत होतो तेव्हा काही ठिकाणी कागद गुंडाळलेले फिरते ड्रम अजून चालू होते. ट्रेमर लागला की पेनाची रेघ आधी किंचित जाड दिसायची, पुढच्या फेरीला आणखी जाड, आणि बघता बघता वरची ओळ खालच्या ओळीला टेकून अख्खा कागद काळा व्हायचा. 'इथे सुरू झाला' म्हणून बोट ठेवायला जागा नाही. तुम्ही बघता त्या आलेखात त्या काळेपणाचीच मोजदाद असते: ठरावीक मिनिटांत जमीन सरासरी किती जोराने हलली, एवढा एकच आकडा.

हे हलणं सेकंदाला साधारण अर्धा ते पाच हेलकाव्यांचं असतं. कानाला वीसच्या खालचं ऐकू येत नाही. त्यात तुम्ही शिखरापासून पंचवीस-तीस किलोमीटर लांब. तिथवर पोचेपर्यंत जमिनीचं सरकणं इतकं सूक्ष्म झालेलं असतं की पायाला कळण्याचा प्रश्नच येत नाही. तावदानं थडथडतात ती वेगळ्या कारणाने. विवराच्या तोंडाशी वायूचे बुडबुडे फुटतात, त्यांची दाबलहर हवेतून येते आणि काचेवर आदळते. जमिनीतून नाही, हवेतून. त्या लहरीचा बराच भाग कानाच्या कक्षेखाली असतो, म्हणून काच हलते पण त्या मानाने आवाज कमी वाटतो.

आता बाबांचा मुद्दा. २०१८ साली २४ डिसेंबरला एटनाच्या कुशीत भेग पडून लाव्हा बाहेर आला. २६ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराला ४.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि फ्लेरी, झाफेराना भागात घरांच्या भिंती कोसळल्या. शेजाऱ्यांना विचारा, सगळ्यांना आठवत असेल. म्हणजे ज्या धक्क्याने माणसं रस्त्यावर आली तो उद्रेकाच्या दोन दिवस नंतरचा. उलट २०२१च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात एटनाच्या आग्नेय विवरातून पन्नासपेक्षा जास्त वेळा लाव्ह्याची कारंजी उडाली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आधी कातानियात कुणाच्या कपातला चहासुद्धा हलला नाही. अंगाला जाणवेल असा भूकंप ही पूर्वसूचना धरून चालणं एटनावर फार धोक्याचं आहे.

मग ट्रेमर होतो कशाने? एकच कारण सर्वमान्य नाही आणि बहुधा एकच कारण नसेलही. जपानमध्ये उसू ज्वालामुखी १९१०मध्ये फुटला तेव्हा भूकंपशास्त्रज्ञ ओमोरींनी उपकरणं नेऊन ही सलग थरथर नोंदवली, तेव्हापासून लोक यामागे आहेत. १९७७मध्ये केइइती आकी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की शिलारसाने (मॅग्माने) भरलेल्या भेगा दाबाने थोड्या थोड्या उघडत जातात आणि कंप पावतात. पुढे बर्नार्ड शुए यांनी दाखवलं की द्रवाने भरलेल्या भेगेत एक फार संथ लहर फिरते, त्यामुळे भेग लहान असली तरी तिच्यातून निघणारा कंप खालच्या पट्टीतला असतो. एवढ्या मंद हेलकाव्यांसाठी किलोमीटरभर लांबीची पोकळी लागेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याला हे उत्तर होतं.

मला स्वतःला उथळ ट्रेमरसाठी सगळ्यात पटणारं चित्र वायूचं आहे. पिठलं घट्ट होऊन रटरटायला लागतं तेव्हा बघा, साय धरलेल्या पृष्ठभागाखाली वाफ साठते, फुगते, कुठून तरी निसटते, पुन्हा साठते. विवराच्या तळाशी, वरच्या काहीशे मीटरमध्ये, सच्छिद्र खडकाचं आणि थिजलेल्या लाव्ह्याचं असंच झाकण असतं. खालून बुडबुडे येत राहतात, झाकणातून वायू झिरपत राहतो, आणि येणं-जाणं कधीच नेमकं जुळत नसल्याने मधल्या कप्प्यातला दाब वरखाली होत राहतो. तो दाब भोवतालच्या खडकाला सतत ढकलतो. तार्सिलो जिरोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये याचं गणित मांडलं. बुडबुडे अगदी वेडेवाकडे, अनियमित येत असले तरी झाकण आणि कप्पा मिळून त्यातून ठरावीक लयीचा कंप तयार करतात, हे त्यातून दिसतं.

यातच तुमच्या 'लाल होऊनही काही झालं नाही'चं उत्तर आहे. रेघ चढायला नवा शिलारस वर यायलाच हवा असं नाही. वायूचा ओघ वाढला तरी ती चढेल. झाकणाची छिद्रं बुजली आणि दाब साठायला लागला तरी चढेल. झाकण मोकळं झालं की उतरेल. तुम्ही जागून काढलेल्या रात्री डोंगराने बहुधा वायू सोडला आणि दाब उतरला.

म्हणून एकट्या आकड्यापेक्षा मी नेहमी ट्रेमर कुठून येतोय ते आधी बघतो. त्याला पी-एस लहरी नसल्याने नेहमीच्या भूकंपासारखी जागा काढता येत नाही. मग डोंगरभर पसरलेल्या केंद्रांवर तो किती जोराचा आहे त्याची तुलना करतात. ज्या जागेतून निघाला असं धरल्यावर सगळ्या केंद्रांवरचे आकडे सगळ्यात चांगले जुळतात, ती त्याची जागा. वेधशाळेच्या निवेदनात ही जागा दिलेली असते: ट्रेमरचा उगम आग्नेय विवराच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून २८०० किंवा २९०० मीटरवर, अशा धर्तीचं वाक्य. डोंगर ३३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे हा उगम विवराच्या खाली काहीशे मीटरवर आला. रेघ चढतेय आणि त्याच वेळी उगम वर सरकत एका विवराखाली येऊन बसतोय, असं दोन्ही मिळून दिसलं की एटनावर मी ते फार गांभीर्याने घेतो. कारंज्यांच्या आधी हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि एटना याबाबतीत भला डोंगर आहे, हे मुद्दाम लिहितो. त्याची नळी वरपर्यंत उघडी असते, वायू सतत बाहेर येत असतो, त्यामुळे आत काही बदललं की आलेखावर उमटतं. इथे हवेतल्या दाबलहरी ऐकणारी यंत्रणाही आहे. फ्लोरेन्स विद्यापीठाच्या मौरिझिओ रिपेपे यांच्या गटाने ती उभी केली. २००८ ते २०१६ या काळातल्या एटनाच्या ५९ उद्रेकांपैकी ५७ तिने आधी ओळखले. ट्रेमर आणि ही यंत्रणा एकत्र पाहिल्या तर जगात फार थोड्या डोंगरांवर इतकी सोय आहे.

मिरजेची_लेक:

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं वाचून दाखवलं. २०१८च्या भूकंपाची तारीख ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, "पिठल्याचं बरोबर आहे." आई मागून म्हणाली की मग झाकण ठेवायचं कशाला.

पण एक राहिलं. एटना इतकं आधी सांगतो, तर हिरव्या रेघेला तुम्ही का घाबरता? दुसरं म्हणजे, २ जून २०२५ला राखेचा प्रचंड लोट उतारावरून आला आणि पर्यटक जिवाच्या आकांताने पळत होते, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा आलेखाने काहीच सांगितलं नव्हतं का?

काळा_पाषाण:

सांगितलं होतं. आदल्या रात्रीपासून ट्रेमर चढत होता, वेधशाळेची निवेदनं येत होती, आग्नेय विवरात स्फोट सुरू झाले होते. सकाळी अकराच्या पुढे विवराच्या उत्तर बाजूचा काही भाग ढासळला आणि तप्त राखेचा लोट उतरला. कुणी दगावलं नाही, हे नशीब. पण एवढी सूचना असताना माणसं उतारावर होती, हे मला अजून खुपतं. आलेख आणि पायवाट यांच्यामध्ये कुणीतरी माणूस उभा असावा लागतो. डोंगरावर ते काम गाइड आणि पालिकेचे आदेश करतात.

आता हिरव्या रेघेचं. ट्रेमर सांगतो तो आतल्या वाटेवर वाहणाऱ्या शिलारसाबद्दल आणि वायूबद्दल. पण डोंगरावर माणसं मरतात ती कित्येकदा अशा स्फोटांत, ज्यांना नवा शिलारस लागतच नाही. १२ सप्टेंबर १९७९ला एटनाच्या बोक्का नुओवा विवराच्या काठावर पर्यटक उभे असताना अचानक स्फोट झाला आणि नऊ जण गेले. विवराचं तोंड ढासळलेल्या दगडांनी बुजलं होतं, खाली वाफ कोंडली होती. १६ मार्च २०१७ला तर वाहता लाव्हा बर्फावर आला, बर्फाची क्षणात वाफ झाली आणि दगड उडाले. दहाएक जण जखमी झाले, त्यात बीबीसीचं चित्रीकरण पथक होतं. तो स्फोट नळीत झालाच नाही, लोकांच्या पायाजवळ झाला. असला धोका कुठल्या केंद्राच्या आलेखावर आधी दिसणार?

जपानच्या ओन्ताकेचं उदाहरण मी नव्याने या कामात येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी देतो. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, पानगळीचे रंग बघायला शिखरावर गर्दी, जेवायची वेळ. इशाऱ्याची पातळी सगळ्यात खालची, म्हणजे १. त्या महिन्याच्या १० आणि ११ तारखेला छोटे भूकंप वाढून दिवसाला पन्नासच्या वर गेले होते, पुढे कमी झाले. २७ला ट्रेमर सुरू झाला ११ वाजून ४१ मिनिटांनी. शिखराजवळची जमीन कलू लागली ती उद्रेकाच्या सात मिनिटं आधी. ११ वाजून ५२ मिनिटांनी डोंगर फुटला. अकरा मिनिटं. पडद्यावर बघणाऱ्याला हा ट्रेमर आहे की दुसरं काही, हे ठरवायलाच त्यातली काही जातात. मग फोन, मग आदेश. शिखरावरून अकरा मिनिटांत माणूस किती खाली येईल? ५८ जणांचे मृतदेह मिळाले, पाच जण सापडलेच नाहीत. त्या डोंगरात नवा लाव्हा बाहेर आला नाही, खडकात मुरलेलं पाणी तापून फुटलं. झाकण घट्ट, नळी बंद. अशा डोंगराखाली ट्रेमर एक तर येत नाही किंवा फार उशिरा येतो.

कोलंबियाच्या गालेरासचं मन दुखावणारं आहे, कारण तिथे आमच्याच पेशातली माणसं गेली. १४ जानेवारी १९९३. पास्तो शहरात ज्वालामुखीतज्ज्ञांची परिषद भरली होती, त्यातला एक गट विवरात उतरला. डोंगर वरकरणी शांत. भूकंपलेखावर आधीचे काही दिवस एक विचित्र आकृती मोजक्या वेळा उमटत होती: सुरुवातीला रुंद, मग मिनिटभर किंवा जास्त वेळ निमुळती होत जाणारी, एकाच सुरात. तिथल्या लोकांनी आकारावरून तिला 'तोर्नियो', म्हणजे स्क्रू, म्हटलं. संख्या इतकी थोडी की एकूण गोळाबेरजेत ती शांतताच दिसे. स्फोटात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. पुढे त्याच वर्षी गालेरासच्या आणखी काही उद्रेकांआधी तसेच स्क्रू दिसले, तेव्हा त्यांचा अर्थ लागला: झाकणाखाली दाब कोंडतोय. तुमच्या हिरव्या पट्ट्यात अशी गोष्ट दिसणारच नाही. सरासरीच्या आकड्यात एक छोटा स्क्रू कुठे उठून दिसणार?

रेघ खाली आली म्हणून निश्चिंत होण्याबद्दलही सांगतो. अलास्काच्या रिडाउटमध्ये २००९ साली काही स्फोटांच्या आधी छोटे छोटे भूकंप इतके जवळजवळ येऊ लागले की सेकंदाला तीसपर्यंत गेले. वेगळे धक्के उरलेच नाहीत, एकसंध चढता सूर झाला. मग तो सूर एकदम थांबला. मिनिटभराच्या आत स्फोट. त्या थांबण्याच्या क्षणी कुणी नुसता आलेख पाहिला असता तर त्याला बरंच वाटलं असतं.

उलट बाजूही आहे. आइसलंडमध्ये ३ मार्च २०२१च्या दुपारी रेक्यानेसवर ट्रेमर दिसला, सगळा देश आता फुटेल म्हणून जागा झाला. काही झालं नाही. १९ मार्चच्या रात्री फाग्राडाल्सफियात भेग उघडली तेव्हा आधी म्हणावा असा ट्रेमर नव्हताच, आकाशातली लाली बघून लोकांना कळलं. हे वाचून ट्रेमर निरुपयोगी म्हणू नका. त्या त्या डोंगराची सवय माहीत असल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, आणि एटनाची सवय माहीत असलेली माणसं तुमच्या गावातच बसलेली आहेत. त्यांची निवेदनं वाचा. आलेख त्यांच्यासाठी ठेवा.

बाबांसाठी सांगायचं तर सापिएंझाच्या बाजूलाच सिल्वेस्त्री विवरं आहेत, १८९२च्या उद्रेकात तयार झालेली. काठावरून चालता येतं, आत उतरता येतं, लाल-काळी माती हातात घेता येते. वयस्कर माणसाला झेपेल असं आहे आणि शिखरावरच्या विवरांपासून बरंच खाली. दुसऱ्या दिवशी चिर्कुमेत्नेआ रेल्वेने डोंगराला वळसा घाला. लाव्ह्याच्या जुन्या ओहोळांमधून, पिस्त्याच्या बागांमधून जाते. ब्रोंतेला उतरून आईंना पिस्ते घेऊ द्या.

चिकूवाला_डहाणू:

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून धक्के बसतायत. धुंदलवाडीच्या बाजूला लोक तंबूत झोपले होते. धक्क्याच्या आधी जमिनीतून 'धूम' असा आवाज येतो. गावात सर्रास बोलतात की खाली ज्वालामुखी तयार होतोय, सह्याद्री लाव्ह्याचाच आहे, वज्रेश्वरीला गरम पाणीही आहे. तुम्ही म्हणता तो ट्रेमर म्हणजे हाच आवाज का?

काळा_पाषाण:

दादा, माफी कसली, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हा ट्रेमर नाही. ट्रेमर कानाला ऐकू येत नाही, तुमचा आवाज ऐकू येतो, इथेच पहिला फरक. तुमच्याकडचे भूकंप लहान पण उथळ आहेत. अशा भूकंपाच्या पी लहरीत जलद हेलकावे भरपूर असतात, ती जमिनीच्या पृष्ठभागाशी आली की हवेला धक्का देते, आणि तो कानाला 'धूम' ऐकू येतो. एस लहर मागून येते, भांडी तेव्हा हलतात. म्हणून आवाज आधी, धक्का नंतर. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने तुमच्या भागात केंद्रं बसवली, त्यांच्या नोंदीत प्रत्येक धक्का सुटा, तीक्ष्ण सुरुवातीचा आहे. खडक भेगेवर सरकतोय. १ फेब्रुवारी २०१९चा ४.१ तीव्रतेचा धक्काही त्यातलाच.

सह्याद्री लाव्ह्याचा आहे हे शंभर टक्के खरं, पण तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. खालचा शिलारस केव्हाच थिजला. वज्रेश्वरी-गणेशपुरीचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. आपल्या देशात आज जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथे वस्ती नाही. जानेवारी २०१७मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी 'सिंधु संकल्प' जहाजावरून त्या समुद्रात तळाचे नमुने घेत होती, तेव्हा बेट धुमसताना त्यांनी पाहिलं. दिवसा राखेचे ढग, अंधार पडल्यावर लाल कारंजी.

तुम्ही ज्वालामुखीची चिंता सोडा आणि घराची करा, अगदी मनापासून सांगतो. मातीत बांधलेली दगडी किंवा विटांची भिंत ४ तीव्रतेच्या जवळच्या धक्क्यांनी खिळखिळी होत जाते, एकेक धक्का लहान असला तरी. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग फिरणारा आरसीसीचा पट्टा घ्या, कोपऱ्यांत सळ्या बांधा, कौलांवर आणि पोटमाळ्यावर जड सामान ठेवू नका. तडा रुंद होतोय का बघायचं असेल तर त्यावर पेन्सिलीने आडव्या खुणा करून तारीख लिहून ठेवा. झोपायची जागा त्या भिंतीपासून लांब घ्या.

चिकूवाला_डहाणू:

आभारी आहे. पेन्सिलीचं आजच करतो. पट्ट्याचं बांधकाम करणाऱ्याला विचारतो, आमच्याकडे तसं कुणी घालत नाही.

मिरजेची_लेक:

पाषाणदादा, ठरलं. एक दिवस सिल्वेस्त्री, एक दिवस रेल्वे आणि ब्रोंते. बाबा अजून 'गाइड नेत असेल तर वरही' म्हणतायत. मी त्यांना म्हटलं की त्या दिवशीचं निवेदन वाचून ठरवू. वाचताना नेमकं काय बघू? इटालियन मला येतं, पण त्यातली तांत्रिक वाक्यं डोक्यावरून जातात.

काळा_पाषाण:

चार गोष्टी बघा. ट्रेमरची पातळी आणि ती वाढतेय की उतरतेय. उगम कुठल्या विवराखाली आणि किती मीटरवर, आणि आदल्या निवेदनापेक्षा तो वर सरकलाय का. इन्फ्रासाउंडचे, म्हणजे हवेतल्या दाबलहरींवरून कळणारे, स्फोट वाढलेत का. जमिनीच्या कलात बदल नोंदवलाय का. यातली एकही गोष्ट वाढती दिसली तर सिल्वेस्त्रीपाशीच थांबा, पालिकेने बंदी घातलेली नसली तरी. विमानांसाठी वेगळा रंगसंकेत निघतो, हिरवा-पिवळा-केशरी-लाल. तो हवेतल्या राखेसाठी आहे, पायी जाणाऱ्यांसाठी नाही. त्यावरून ठरवू नका.

चारही शांत असतील, गाइड नेत असेल आणि आदल्या दोन-तीन दिवसांत हालचाल वाढल्याचं निवेदन निघालेलं नसेल, तर केबल कारने २५०० मीटरपर्यंत न्यायला माझी हरकत नाही. तिथून विवरं दिसतात. त्याच्या वर मी माझ्या स्वतःच्या वडिलांना नेलं नसतं. बाबांना दमा किंवा हृदयाचं काही असेल तर २५०० मीटरवरही आधी डॉक्टरांना विचारा. गाडीत एन-९५ मास्क आणि बाबांचा जादा चष्मा ठेवा. कच डोळ्यात गेली तर चोळायची नाही, पाण्याने धुवायची.